नदीकाठची वस्ती : राहण्याजोगी कुणासाठी?

गेल्या मे महिन्यात मी जालना शहराच्या कडेला, कुंडलिकेच्या काठी, एक प्लॉट पाहायला गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. महाविद्यालयात नोकरी लागून आठ वर्षे झाली, भाड्याची तीन घरे बदलून झाली आणि आता माय थकली आहे. आपल्या मालकीच्या चार भिंती असाव्यात, एवढीच आमची इच्छा. पण तो प्लॉट पाहताना जे प्रश्न उभे राहिले ते माझ्या एकट्याचे नाहीत. खेडे सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी आलेली, पहिल्या पिढीत नोकरीला लागलेली आपली कितीतरी कुटुंबे आज याच प्रश्नांपाशी उभी आहेत. म्हणून ते सविस्तर मांडतो.

दलालाच्या हातातल्या रंगीत कागदावर निळी नदी, हिरवी झाडे आणि बाकावर बसलेले एक कुटुंब होते. प्रत्यक्षात नदी कोरडी होती. मधोमध काळ्या पाण्याची एक धार, तिच्या कडेला प्लॅस्टिकचा खच आणि डुकरे. प्लॉटच्या खालच्या अंगाला, पात्राला अगदी लागून, पत्र्याची तीस-चाळीस घरे होती. मी तिकडे पाहतो आहे हे बघून दलाल म्हणाला, "त्याची काळजी करू नका सर. हे सगळं उठणार आहे."

त्या पत्र्याच्या घरांपैकी एका घरात माझी आत्या राहते. वडिलांची चुलत बहीण. दलालाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

एखादी वस्ती राहण्याजोगी आहे की नाही हे कशावरून ठरवायचे? सरकारी कागदावर रस्ता, वीज, नळ, शाळा, दवाखाना अशी यादी असते. विकणाऱ्याच्या कागदावर नदीचे दर्शन असते. या दोन्ही याद्या वरच्या ओळीतल्या घरातून केलेल्या असतात. माझे म्हणणे असे की पाण्याकाठची वस्ती मोजायची असेल तर ती तिच्या सर्वांत खालच्या घरातून मोजली पाहिजे. कारण वरचे प्रत्येक घर आपला पूर, आपले सांडपाणी आणि आपला तिरस्कार खालच्या घराकडे ढकलू शकते; खालच्या घराला ढकलायला जागा उरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमचे गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. गावाला नदी होती, पण ती सर्वांना सारखी नव्हती. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आमचा. उन्हाळ्यात माय वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरी. बौद्धवाडा गावाच्या उतारावर, म्हणजे नदीच्या सर्वांत जवळ. आजच्या जाहिरातीच्या भाषेत बोलायचे तर गावातले सर्वांत मोक्याचे प्लॉट आमचे होते. ऑगस्ट २००६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठची गावे पाण्यात गेली, तेव्हा मी बारावीत होतो. पाणी प्रथम आमच्या घरात आले. गावातली सर्वांत उंच जागा देवळाच्या ओट्याची. तिथे आम्ही गेलो नाही. "येऊ नका" असे कोणी म्हटले नाही. "या" असेही कोणी म्हटले नाही. डोक्यावर गाठोडी घेऊन आम्ही दीड मैल चालत सडकेवरच्या शाळेत गेलो. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीला पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा मायने टीव्हीसमोर बसून एकच विचारले, "वाड्यातली माणसं कुठं नेली?"

हा अनुभव घेऊन आपण शहराच्या नदीकाठी येतो. तेव्हा आपल्याला तीन पाण्यांचा हिशेब करावा लागतो : पुराचे पाणी, नळाचे पाणी आणि सांडपाणी. चौथा हिशेब शेजाराचा.

पहिले, पुराचे पाणी. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मोजक्या दिवसांत. कुंडलिका ही वर्षभर वाहणारी नदी नव्हे. आठ-नऊ महिने ती नाल्यासारखी पडून असते आणि एखाद्या रात्री दोन्ही काठ भरून येते. म्हणून उन्हाळ्यात नदी पाहून प्लॉट घेणे म्हणजे झोपलेल्या माणसाचा स्वभाव ठरवण्यासारखे आहे.

शासनाने यासाठी पूररेषेची व्यवस्था केलेली आहे. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून ती चालत आली. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे लाल पूररेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार या नियंत्रित पट्ट्यात घराचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे लागते.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी आपली माणसे फसतात. "आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही," असे मी शिकलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्याचा अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ असा की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे, मग तो गेल्या वर्षी आलेला असो वा नसो. घराचे कर्ज आपण वीस वर्षांचे घेतो. वीस वर्षांत एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न होते. लाल रेषेवरच्या घराला वीस वर्षांत ही शक्यता शंभरात अठरा आहे. हप्ते फिटण्याआधी पाणी घरात येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त, असा हा निळ्या रेषेवरचा व्यवहार असतो.

त्यात भरावाचा प्रश्न आहे. वरच्या ओळीचा विकासक मुरूम आणि राडारोडा टाकून आपली जमीन चार-पाच फूट उचलतो. त्याचे प्लॉट सुरक्षित होतात, पण पुराचे पाणी नाहीसे होत नाही. पात्र अरुंद झाले की तेवढेच पाणी जास्त उंचीने वाहते, मागे तुंबते आणि समोरच्या व खालच्या काठावर चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने मुंबईला जे दाखवले त्यात या भरावाचा वाटा होता. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात वादळाने कालव्याची भिंत फुटली आणि लोअर नाइन्थ वॉर्ड हा बहुसंख्य काळ्या लोकांचा भाग बुडाला. ज्यांच्याकडे मोटार होती ते आधीच निघून गेले होते. दलित पँथरने १९७२ मध्ये ज्या समाजाच्या लढ्याकडून नाव घेतले, त्या समाजाची घरेही शहराच्या खालच्या अंगालाच सापडावीत, हा योगायोग मानता येत नाही.

दलालाने मला सांगितले, "गुंठेवारीत आहे सर, नियमित होऊन जाईल." गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, अकृषिक परवानगी आणि मंजूर ले-आऊट नसताना विकायचे, ही आपल्या मराठवाड्यातल्या शहरांची जुनी रीत. अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली. गरिबांना त्याचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. पण शुल्क भरून कागद नियमित होतो, जमीन उंच होत नाही. शिवाय आज मोकळ्या असलेल्या प्लॉटला २०२० च्या आधीच्या बांधकामाचा नियम दाखवणे ही सरळ फसवणूक आहे.

दुसरे, नळाचे पाणी. जालन्याला 'सोने का पालना' म्हणण्याची जुनी रीत आहे. बियाणे, लोखंड, मोसंबी यांनी हे शहर श्रीमंत झाले. पण या पाळण्याला पाणी नाही. निजामकाळात घाणेवाडीचा जलाशय बांधला गेला आणि तेथून पाणी उताराने शहरात येई. आज तो संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखला जातो. शहर वाढले, तलावात गाळ साचला. २०१२-१३ च्या दुष्काळात आठवडे-आठवडे नळ कोरडे राहिले आणि शहर टँकरवर जगले. त्याच काळात नागरिकांनी घाणेवाडीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले. जायकवाडीचे पाणीही अंबडमार्गे आणले गेले. हे पाणी उताराने येत नाही, ते उपसून वर चढवावे लागते. वीज गेली, बिल थकले, जलवाहिनी फुटली, की नळ थांबतो.

तेव्हा नदीकाठी राहणाऱ्याच्या दारात पाणी आहे, असे समजू नये. नदी दारात आणि पिण्याचे पाणी शंभर किलोमीटरच्या आतबाहेरून, अशी ही स्थिती. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब सर्वांत कमी असतो आणि नवी वसाहत बहुधा शेवटच्या टोकालाच असते. वरच्या ओळीतला माणूस दहा हजार लिटरची टाकी बांधतो, नळाला मोटार लावतो आणि खालच्याच्या नळाला येणारी धार ओढून घेतो. २०२३ मध्ये जालन्याची नगरपरिषद जाऊन महानगरपालिका झाली. पण महानगरपालिकेची हद्द कुठवर आणि जलवाहिनी कुठवर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारले पाहिजेत.

पाणी दिसते पण मिळत नाही, हा आपल्यासाठी नवा अनुभव नाही. महाडचे चवदार तळे वस्तीच्या मध्यभागी होते, सभोवती स्पृश्यांची घरे होती. आजच्या भाषेत ती पाण्याकाठची उत्तम वसाहत. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण कागदावरचे तळे प्रत्यक्षात उघडायला २० मार्च १९२७ चा दिवस यावा लागला. त्यानंतरही नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख का आहे, ते यावरून समजते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेत व देशाच्या जलधोरणात त्यांनी लक्ष घातले. पाणी हा त्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता, तसाच नियोजनाचाही. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा इंजिनिअरांवर सोडून दिला.

तिसरे, सांडपाणी. यावर कुठल्याच रंगीत कागदात एक ओळ नसते. गटारवाहिनी नसलेल्या वसाहतीत प्रत्येक घराची स्वतंत्र शौचटाकी असते. नदीकाठी भूजल वर असते, त्यामुळे पावसाळ्यात टाकीतले पाणी मुरत नाही. टाकी भरून वाहते, घाण बोअरच्या पाण्यात उतरते आणि उरलेले उताराने खाली, पत्र्याच्या घरांपुढून, नदीत जाते. मग टाकी उपसावी लागते. कोण उपसतो? संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत. ज्या वसाहतीची स्वच्छता आपल्याच एखाद्या भावाच्या जिवावर चालणार, ती वसाहत राहण्याजोगी आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता शेजार. दलाल मला आधी वरच्या ओळीतले प्लॉट दाखवत होता. बोलता बोलता त्याने विचारले, "आडनाव काय म्हणालात सर?" मी सांगितले. तो थोडा वेळ मोबाइलमध्ये पाहत राहिला. मग म्हणाला, "वरच्या ओळीतले सगळे बुक झालेत. नदीकडचे दोन आहेत, तुमच्यासाठी तेच चांगले." आवाजात कुठेही उर्मटपणा नव्हता. उलट आदरार्थी बोलण्यात त्याने कसूर केली नाही. गावात वाडा उतारावर कोणी आणि कधी ठेवला हे कुणाला सांगता येत नाही. शहरात तो उतारावर कसा जातो, हे त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत घडले.

अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. नदी, विहीर, पाणवठा वापरण्यास अडवणे हा त्यात गुन्हा आहे. पण 'बुक झालेत' या दोन शब्दांना पकडणे अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाने एकत्र राहण्यासाठी केलेला नियम बहुसंख्यांच्या हातात गेला की त्याचे काय होते, यावर आपल्या वकिलांनी विचार करायला हवा.

दुसऱ्या खेपेला मी मायला घेऊन गेलो. तिने प्लॉटकडे पाहिलेच नाही. ती सरळ खाली आत्याच्या घरी गेली आणि विचारले, "पावसाळ्यात कुठवर येतं पाणी?" आत्याने भिंतीवर हात ठेवला. "इथवर, वहिनी." तिथे मातीचा पुसट पट्टा होता, माझ्या गुडघ्याच्या वर. मी नकाशात जी रेषा शोधत होतो तिची ही खूण. मग मायने पाणी किती दिवसांनी येते, रात्री बायांना बाहेर जावे लागते का, लेकरे शाळेत जाताना नाला कसा ओलांडतात, हे विचारले. अर्ध्या तासात तिने जे गोळा केले ते मला महिनाभर कचेऱ्यांतून मिळाले नव्हते.

मी आत्याला म्हणालो, "इथून उठवणार म्हणतात." ती म्हणाली, "उठवू दे. पण कुठं टाकतील? इथून पायी कामाला जाता येतं. लांब दिलं तर रोज भाड्यातच जाईल."

गेल्या काही वर्षांत कुंडलिकेतला गाळ आणि कचरा काढण्याची कामे नागरिकांच्या पुढाकाराने झाली. ती चांगलीच गोष्ट आहे. नदी स्वच्छ व्हावी, याला खालच्या घराइतका दुसऱ्या कुणाचा पाठिंबा असणार? पण स्वच्छता आणि सुशोभीकरण यांत फरक केला पाहिजे. अहमदाबादेत साबरमतीच्या काठाचे सिमेंटचे घाट २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्यांचे देशभर कौतुक झाले. त्यासाठी काठावरची दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलवली गेली, त्यांतली कित्येक शहराच्या दूरच्या टोकांना. त्यांचे काम मात्र जुन्या जागीच राहिले. आत्या जे एका वाक्यात म्हणाली तेच तिथे घडले. पुराच्या पट्ट्यात माणसांनी राहू नये, हे मला मान्य आहे. पण पट्टा रिकामा करायचा तो जिवासाठी की दृश्यासाठी? जिवासाठी असेल तर पर्यायी घर आधी, कामापासून चालत्या अंतरावर आणि पूररेषेच्या वर दिले पाहिजे. आणि ज्या रेषेसाठी पत्र्याचे घर उठते, तीच रेषा विकासकाच्या भरावालाही लागू झाली पाहिजे.

तो प्लॉट मी घेतला नाही. यात काही त्याग नाही; वीस वर्षांच्या कर्जाचा हिशेब मला परवडला नाही, एवढेच. पण शिकलेला माणूस वर सरकला आणि खालची घरे तशीच राहिली, असे होऊ नये असे वाटले. म्हणून महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली बारा मुले-मुली घेऊन आम्ही त्या वस्तीतल्या प्रत्येक घराच्या भिंतीवरची पुराची खूण मोजपट्टीने मोजली, घरातल्या बाईला साल विचारून वहीत लिहिली. दोन रविवारांचे काम. त्या भागाचा पूररेषेचा नकाशा आणि वरच्या ओळीच्या ले-आऊटची मंजुरी मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज दिले आहेत. नकाशा आला की आमची वही त्याच्याशेजारी ठेवून पाहणार आहोत.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावच्या नदीकाठी एवढे करायला हरकत नाही. मोजपट्टी, वही आणि खालच्या घरातली एखादी म्हातारी, एवढे साहित्य पुरते. कुणी असे मोजले असेल तर त्यांनी जरूर कळवावे.